लंकेतल्या चुली का थंडावल्या?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं हे बोलणं. छापताना बोलण्याचा सूर तसाच ठेवला आहे.)

संध्याकाळच्या भाकरी उरकल्या असतील. नसतील तर तव्यावर एक डोळा ठेवा आणि कान इकडं द्या.

आजचा विषय आमच्या गटाच्या बैठकीत निघाला. हप्ते भरून झाले होते, वही मिटली होती आणि बोलणं गॅसच्या भावावर आलं. एक ताई म्हणाल्या, “मागं टीव्हीवर दाखवत होते, श्रीलंका बुडाली म्हणून. बाया-माणसं रिकामे सिलिंडर घेऊन रात्र रात्र रस्त्यावर बसलेली. अगं, माणूस बुडतो, घर बुडतं, पतपेढी बुडते. पण देश कसा बुडतो? सरकारकडं तर नोटा छापायचं यंत्र असतं. मग छापायच्या की नोटा!”

सगळ्या हसल्या. पण खरं सांगते, उत्तर मलाही नीट देता येईना. म्हणून वाचलं, जाणत्या माणसांना विचारलं, आणि जे कळलं ते आज तुमच्यापुढं मांडते आहे. आकडे थोडे येतील, पण आपण गटाच्या वह्या सांभाळणाऱ्या बाया आहोत. आकड्यांना आपण काही भीत नाही.

कुपनांची गोष्ट

श्रीलंका आपल्या महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याएवढा देश. लोकसंख्या सव्वादोन कोटींच्या आसपास. गरीब-गांजलेला देश म्हणून त्याची ओळख कधीच नव्हती. सरकारी शाळा आणि सरकारी दवाखाना तिथं फुकट. दर दहा बायांमागं नऊ जणी लिहित्या-वाचत्या. गरोदर बाईच्या घरी सरकारी सुईण येऊन तपासणी करून जाते. असं असलेल्या देशात २०२२ साली घरोघरी चूल पेटायची पंचाईत झाली.

ती का झाली, हे समजायला एक गोष्ट धरू. समजा आपल्या गावानं ठरवलं की आपसात व्यवहार करायला गावाची कुपनं छापायची. कुपन द्या, भाजी घ्या. कुपन द्या, केस कापून घ्या. गावात ते चालेल, कारण गावाचा त्यावर विश्वास आहे. पण मीठ, गोडंतेल, औषध तालुक्याहून आणायचं आहे. तालुक्याचा दुकानदार म्हणतो, “तुमचं कुपन तुमच्यापाशी ठेवा बाई. इथं रोख लागते.” ही रोख कुठून येणार? आपण तालुक्याला दूध विकलं, कोंबड्या विकल्या, किंवा मुलगा बाहेरगावी नोकरीला असला आणि त्यानं पैसे धाडले, तरच.

देशाचंही असंच आहे. श्रीलंकेचा रुपया म्हणजे तिचं कुपन. पेट्रोल, गॅस, गहू, दुधाची पावडर, औषधं आणि कागद बाहेरच्या देशांतून येतात. त्यांची किंमत बहुतेक वेळा डॉलरमध्ये चुकवावी लागते. श्रीलंकेला रुपये हवे तेवढे छापता येतात, पण डॉलर छापता येत नाहीत. ते कमवावे लागतात, नाहीतर उसने घ्यावे लागतात.

म्हणून त्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर हे, की नोटा छापून डॉलर मिळत नाहीत. उलट माल तेवढाच आणि नोटा जास्त झाल्या की प्रत्येक नोटेची किंमत उतरते. श्रीलंकेनं नोटा छापल्याही होत्या. त्यानं महागाईत भरच पडली.

डॉलर कोण कमवत होतं?

आता हे नीट ऐका, कारण आजच्या बोलण्यातली मोठी गोष्ट हीच आहे.

श्रीलंकेला डॉलर मिळवून देणारी मुख्य कामं चार. चहा, तयार कपडे, परदेशी पाहुणे, आणि परदेशात राबणाऱ्या माणसांनी घरी पाठवलेला पैसा.

चहाची पानं कोण खुडतं? डोंगरउतारावर पाठीला टोपली बांधलेल्या बाया. त्या बहुतेक तमिळ घरांतल्या. त्यांच्या पणज्या-आज्यांना इंग्रजांनी तमिळ मुलखातून मजुरीला नेलं होतं. परदेशी दुकानात टांगायचे कपडे कोण शिवतं? कारखान्यांत बसलेल्या हजारो तरुण मुली. आखाती देशांत दुसऱ्यांची घरं झाडून, मुलं सांभाळून पैसा कोण पाठवतं? कितीतरी वर्षं घरकामाला गेलेल्या श्रीलंकेच्या बायाच. पुरुषही जातात, पण या कामाचा पाया बायांनी घातला.

म्हणजे देशाच्या गंगाजळीतला मोठा हिस्सा बायांच्या हातून यायचा. तो कसा खर्चायचा आणि कर्ज किती काढायचं, हे ठरवणाऱ्या खोलीत मात्र त्यांच्यापैकी कोणी नव्हती. आणि गंगाजळी आटली, तेव्हा पहिला चटका बसला तो त्यांच्याच चुलीला.

घसरण कशी झाली?

एका दिवसात कुठलंच घर बुडत नाही. श्रीलंकेनं आधीची कित्येक वर्षं मोठमोठ्या कामांसाठी परदेशी कर्जं काढली होती. बंदर झालं, विमानतळ झाला, रस्ते झाले. त्यातल्या काही कामांतून कमाई फारशी झालीच नाही. आपल्याकडं म्हणतात ना, ऋण काढून सण. जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज, असं चाललं होतं.

एप्रिल २०१९ मध्ये ईस्टर सणाच्या दिवशी चर्च आणि हॉटेलांत बाँबस्फोट झाले. पाहुणे यायचे कमी झाले. त्याच वर्षाअखेर नवं सरकार आलं आणि त्यानं करांत मोठी कपात केली. विक्रीवरचा मुख्य कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला. कर कमी झाला की लोकांना गोड वाटतं, पण सरकारची आवक घटली. मग २०२० मध्ये करोना आला आणि पाहुणे येणं जवळजवळ थांबलं.

डॉलर वाचवण्याची धडपड सुरू झाली. त्या धडपडीत एप्रिल २०२१ मध्ये एक निर्णय जाहीर झाला, तो आपल्यासारख्या शेतकरी बायांनी मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. रासायनिक खतं आणि कीडनाशकं बाहेरून आणायला बंदी. आजपासून सगळी शेती सेंद्रिय!

सेंद्रिय शेती वाईट नाही. आपल्यातल्या कितीजणी गांडूळखत करतात, जीवामृत करतात. पण आपल्याला हेही ठाऊक आहे की जमीन वळायला वेळ लागतो. आपण आधी अर्ध्या एकरावर करून पाहतो. शेणखत किती आहे, पालापाचोळा किती आहे, ते मोजतो. तिथं साऱ्या देशाची शेती एका फटक्यात वळवली, आणि तेवढं सेंद्रिय खत देशात नव्हतंच. भाताचं पीक कोसळलं. चहाचं उत्पन्न घटलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारनं माघार घेतली, पण हंगाम काही माघारी येत नाही. भाताच्या बाबतीत जवळपास स्वतःच्या पायावर उभा असलेला देश तांदूळ बाहेरून आणू लागला. तोही डॉलर मोजून. खतात वाचवायला गेले आणि तांदळात घालवून बसले.

२०१९ च्या अखेरीस देशाजवळ साडेसात अब्ज डॉलरच्या वर परकी चलन होतं. मार्च २०२२ मध्ये ते दोन अब्जांच्याही खाली आलं, आणि त्यातलंही हाताशी वापरता येईल असं फारच थोडं. एक डॉलर दोनशे रुपयांच्या आसपास धरून ठेवला होता, तो मार्चमध्ये सोडून द्यावा लागला. मे महिन्यापर्यंत तो तीनशे साठच्या घरात गेला. म्हणजे दहा डॉलरची जी वस्तू दोन हजारांना पडायची, ती दोन महिन्यांत छत्तीसशेला पडायला लागली. वस्तू तीच, घेणारी बाईही तीच.

१२ एप्रिल २०२२ ला सरकारनं जगाला सांगितलं, परदेशी कर्जाचे हप्ते आता आम्ही भरू शकत नाही. बाहेरचं कर्ज होतं ५१ अब्ज डॉलर. देश बुडाला म्हणतात तो असा. जमीन जागेवर असते, माणसं जागेवर असतात, समुद्र आणि डोंगर जागेवर असतात. पण बाहेरच्या दुकानात उधारी बंद होते.

स्वयंपाकघरात काय झालं?

आता आपल्या प्रांतात येऊ, चुलीपाशी.

तिथं घरगुती गॅसची टाकी साडेबारा किलोची. २०२१ च्या ऑक्टोबरआधी ती १,४९३ रुपयांना मिळायची. एप्रिल २०२२ मध्ये भाव झाला ४,८६० रुपये. तिपटीहून जास्त. आणि एवढे पैसे मोजायची तयारी असली तरी टाकी मिळेलच असं नाही. रिकाम्या टाक्यांच्या लांब रांगा लागल्या. जागा जाऊ नये म्हणून लोक टाक्या साखळीनं बांधून ठेवत.

बायांनी रॉकेलचे स्टो काढले, तर रॉकेललाही रांग. कोळीवाड्यांत होड्या रॉकेलवर चालायच्या, त्या किनाऱ्यालाच राहिल्या. पुढं ऑगस्टमध्ये रॉकेल लिटरला ८७ रुपयांवरून ३४० वर नेलं. मग राहिलं लाकूडफाटा. खेड्यात चूल असतेच. पण कोलंबोसारख्या शहरातल्या चाळीत, एका खोलीत, चूल कुठं मांडायची आणि धूर कुठं सोडायचा?

विजेवर शिजवावं म्हटलं, तर वीजही नाही. मार्चच्या अखेरीस दिवसाला १३ तासांपर्यंत वीज जायची. वीजकेंद्र चालवायलाही इंधन लागतं, आणि इंधनाला डॉलर.

पेट्रोल-डिझेलच्या रांगांत लोक दिवस दिवस उभे राहिले. रिक्षावाले रिक्षातच झोपायचे. उन्हात उभ्या उभ्या वयस्कर माणसं दगावली. पंपांवर सैनिक उभे करावे लागले. डिसेंबर २०२१ मध्ये १७७ रुपयांचं पेट्रोल जून २०२२ मध्ये ४७० वर गेलं. जूनच्या अखेरीस तर सरकारनं सांगितलं, दोन आठवडे इंधन फक्त अत्यावश्यक सेवांना.

दुधाची गोष्ट ऐका. तिथं बरीचशी घरं दुधाच्या पावडरीवर चालतात, आणि ती पावडर परदेशातून येते. मार्च २०२२ मध्ये ४०० ग्रॅमच्या एका पुड्यामागं अडीचशे रुपये वाढले. चहा पिकवणारा देश, आणि दुधाचा चहा गरिबाच्या आवाक्याबाहेर गेला. लोक कोरा चहा पिऊ लागले.

कागद नाही म्हणून मुलांच्या परीक्षा पुढं ढकलाव्या लागल्या. पेट्रोल नाही म्हणून शाळा कधी बंद, कधी आठवड्यातून तीनच दिवस. औषधं नाहीत म्हणून मोठ्या सरकारी दवाखान्यात ठरलेली ऑपरेशनं थांबवावी लागली. घरोघर जाणारी सुईण तिच्या गाडीत पेट्रोल नाही म्हणून अडली. सॅनिटरी पॅडचे भाव असे चढले की कितीतरी मुली पुन्हा कापडाकडं वळल्या. याची बातमी रांगांच्या बातमीएवढी मोठी होत नाही. पण शाळेतली मुलगी घरात असेल, तर ही गोष्ट किती मोठी ते आपल्याला समजतं.

त्यातच एप्रिलमधला त्यांचा नववर्षाचा सण आला. आपण नव्या घरात दूध उतू घालतो ना, तसं तिथं नवं वर्ष लागताना मुहूर्तावर चूल पेटवून दूध उतू जाऊ देतात. घरात भरभराट यावी म्हणून. कर्जाचे हप्ते थांबल्याचं जाहीर झालं, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा सण होता. दूध महाग, गॅस गायब. त्या घरातल्या बाईला काय वाटलं असेल, ते मी सांगायला नको.

ताटात काय उरलं?

सप्टेंबर २०२२ मध्ये कोलंबोतली महागाई वर्षभरात जवळजवळ ७० टक्क्यांनी वाढलेली होती. खाण्यापिण्याच्या वस्तू तर ९५ टक्क्यांनी. म्हणजे वर्षापूर्वी शंभर रुपयांत यायचं ते सामान एकशे पंच्याण्णवला. मजुरी मात्र दुप्पट झाली नाही. चहामळ्यातल्या बाईची किमान रोजी २०२१ मध्ये १,००० रुपये ठरली होती. लढून मिळवलेले ते हजार रुपये. महागाईनं त्यांची ताकद जवळजवळ निम्मी झाली. त्यांच्या जेवणात गव्हाच्या पिठाची रोटी मुख्य, आणि गहू सगळाच बाहेरून येतो.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न संस्थेनं पाहणी केली. त्यात दिसलं की ६३ लाख लोकांना पुरेसं अन्न मिळेल याची खात्री राहिलेली नाही. पाचातली तीन घरं काही ना काही काटछाट करत होती. काटछाट म्हणजे काय, ते आपल्याला ठाऊक आहे. आधी मासळी जाते, मग अंडं, मग डाळ. मग एक वेळचं जेवण. आणि घरातली मोठी माणसं आपल्या वाट्याचं मुलांना वाढतात. त्यात सगळ्यात शेवटी जेवायला कोण बसतं, हे कुठल्या पाहणीनं सांगायची गरज नाही.

मग बायांनी काय केलं? हातपाय गाळून बसल्या नाहीत. परसात, डब्यांत, पोत्यांत भाजी लावली. शहरात मंदिरं, चर्च, मशिदी आणि तरुणांची मंडळं यांनी सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली. वेगवेगळी शंभर जेवणं रांधण्यापेक्षा एका मोठ्या चुलीवर शंभरांचं रांधलं, तर लाकूडही वाचतं आणि कुणाच्या घरी काही नाही हे झाकलंही जातं.

आणि फणस! आपल्या कोकणातल्या मैत्रिणींना हे ऐकून बरं वाटेल. श्रीलंकेत फणसाला भाताचं झाड म्हणतात. कोवळ्या फणसाची भाजी, गरे उकडून नारळाबरोबर जेवण, आठळ्यांचं कालवण. शंभरेक वर्षांपूर्वी तिथं आर्थर डायस नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. उद्या धान्य तुटलं तर लोक काय खातील, या विचारानं त्यांनी गावोगाव फणस लावायचा ध्यास घेतला. लोक त्यांना ‘कोस मामा’ म्हणू लागले. कोस म्हणजे फणस, आणि मामा म्हणजे आपला मामाच. सिंहली भाषेतही मामाला मामाच म्हणतात. संकटाच्या वर्षी परसातला फणस कितीतरी घरांना पुन्हा आठवला. ज्यानं झाड लावलं तो नसतो, पण झाड वाढत राहतं.

सगळेच मार्ग असे सरळ नव्हते. दागिने गहाण ठेवायला सोनारांच्या आणि बँकांच्या दारात गर्दी झाली. गावांत बचतगटांसारखीच छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्या आधीपासून पसरल्या होत्या. एकीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज, या चक्रात हजारो बाया संकटाआधीच अडकल्या होत्या. महागाईनं तो फास आवळला. आणि २०२२ या एका वर्षात तीन लाखांहून जास्त माणसं नोकरीसाठी परदेशी गेली. त्यांत लहान लेकरं आजीजवळ ठेवून निघालेल्या आयाही होत्या.

जून २०२२ मध्ये सरकारनं सरकारी नोकरांना शुक्रवारी सुट्टी जाहीर केली. कशाला? घरी भाजीपाला पिकवा म्हणून. कल्पना वाईट नाही. पण मला एक प्रश्न पडला. शुक्रवारी सगळे घरी, म्हणजे तिसऱ्यांदा चहा कोण करणार?

पुढं काय झालं?

लोक रस्त्यावर उतरले. कोलंबोच्या समुद्रकिनारी ९ एप्रिलपासून तळ ठोकून बसले. त्यांत आया होत्या, कॉलेजच्या मुली होत्या, सिंहली, तमिळ, मुसलमान सगळे होते. जुलैत राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले आणि त्यांनी राजीनामा दिला.

शेजारी म्हणून भारतानं हात दिला. इंधनासाठी, अन्नासाठी, औषधांसाठी त्या वर्षी सुमारे चार अब्ज डॉलरची मदत, बरीचशी उधारीच्या रूपानं. तमिळनाडूनं तांदूळ, दुधाची पावडर आणि औषधं जहाजानं पाठवली. आपल्या नाशिक भागातला कांदाही श्रीलंकेच्या बाजारात जातो. म्हणजे तिथल्या बाईच्या हाती पैसा नसला, तर त्याची झळ आपल्या कांदा लावणाऱ्या बाईपर्यंत येते. दोघींची ओळख नाही, पण व्यवहार एकच आहे.

मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं सुमारे तीन अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर केलं, ते अटी घालूनच. कर वाढले. विजेचे दर ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ टक्क्यांनी आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आणखी ६६ टक्क्यांनी वाढले. रांगा संपल्या, दुकानं भरली. सप्टेंबर २०२३ मध्ये महागाईचा दर दीड टक्क्याच्या खाली आला.

इथं एक गोम आहे. महागाईचा दर उतरला म्हणजे भाव उतरले असं नाही. शंभरचं सामान एकशे सत्तरला गेलं, आणि पुढच्या वर्षी ते एकशे बहात्तरला मिळालं, तर दर उतरला असं म्हणतात. पण आपण अजून एकशे बहात्तरच मोजतोय ना! शंभरवर परत कोणी आणलं नाही. बातम्यांत “महागाई कमी झाली” असं ऐकलं की हे मनात धरा. जागतिक बँकेचा हिशेब सांगतो की २०२१ ते २०२२ या एका वर्षात श्रीलंकेतली गरिबी दुप्पट झाली, १३ टक्क्यांवरून २५ टक्क्यांच्या वर गेली. संकट दुकानातून लवकर जातं, घरातून फार हळू जातं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. माजी राष्ट्राध्यक्ष, त्यांचे भाऊ आणि बडे अधिकारी या आर्थिक संकटाला जबाबदार आहेत, त्यांनी जनतेचा विश्वास मोडला, असं न्यायालयानं म्हटलं. त्यानं कुणाच्या घरात धान्य आलं नाही. पण संकट आभाळातून पडलं नव्हतं, माणसांच्या निर्णयांतून आलं होतं, हे लेखी झालं.

आपण यातून काय घ्यायचं?

आधी एक सांगते, घाबरून जायचं कारण नाही. आपल्या देशाकडं आज ६०० अब्ज डॉलरच्या वर परकी चलन आहे. कोणी म्हणालं, उद्या आपलंही तसंच होणार, सोनं विकून टाका, तर ऐकू नका. पण आपण कधी त्या उंबऱ्यावर गेलोच नाही असंही नाही. १९९१ साली आपल्याकडं जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले होते. तेव्हा रिझर्व्ह बँकेनं मुंबईहून ४७ टन सोनं विमानानं परदेशी पाठवून गहाण ठेवलं. अडीनडीला गळ्यातलं काढून देणाऱ्या बाईला देशाचं हे वागणं काही परकं वाटणार नाही. आणि आजही आपला गॅस आणि गोडंतेल निम्म्याहून जास्त बाहेरूनच येतं. म्हणून डॉलर महागला की आपल्या फोडणीला कळतं.

आता गटापुरतं बोलते.

एक. कर्ज कशासाठी, हे वहीत लिहा. शेळी, शिलाई मशीन, बियाणं यासाठीचं कर्ज स्वतःचा हप्ता स्वतः कमावतं. हप्ता भरायला काढलेलं कर्ज फक्त वाढतं. देशाचं जे झालं तेच घराचं होतं.

दोन. गटात अडीअडचणीचा वेगळा निधी ठेवा. त्याला एरवी हात लावायचा नाही. दवाखाना, बाळंतपण, नापिकी, एवढ्यालाच.

तीन. परसबाग आणि घरचं बी. शेवगा, पपई, वाल, भोपळा, कढीपत्ता, आणि जागा असेल तिथं फणस. बाजार बंद झाला तरी झाड बंद होत नाही. पण पाणी घालायचं काम घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्यायचं, हेही ठरावात लिहा.

चार. शेतीत बदल करायचा तर थोड्या जागेवर, एक हंगाम करून पाहून. दुसऱ्यानं घाई केली म्हणून आपण करायची नाही.

पाच. ग्रामसभेत हिशेब विचारा. पैसा कुठून आला, कशाला गेला, कर्ज किती. विचारणाऱ्या बाईला कोणी गप्प बसवत असेल, तर बाकीच्या नऊजणींनी तिच्यामागं उभं राहायचं.

आणि सहावी गोष्ट वहीतली नाही, ताटातली आहे. तंगीच्या दिवसांत आपण न सांगता आपलं ताट हलकं करतो. कुणाला कळतही नाही. श्रीलंकेत लाखो बायांनी तेच केलं. तसं करू नका. कमी असेल तर सगळ्यांना कमी. घरात सगळ्यांदेखत मोजून वाढा, आणि त्यात आपलंही ताट मोजा. जी शेतात राबते, गटाचा हप्ता भरते, लेकराला पाजते, तिनं उपाशी राहून घर तगत नाही.

बैठकीत बोलण्यासाठी

आपल्या घरातल्या कोणत्या पाच वस्तू गावाबाहेरून येतात? त्या महिनाभर मिळाल्या नाहीत तर काय कराल?

गटातलं कोणतं कर्ज कमावतं आहे, आणि कोणतं नुसतं वाढतं आहे?

बहात्तरच्या दुष्काळात घरं कशी चालली, हे गावातल्या कोणत्या आजी सांगू शकतील? त्यांना पुढच्या बैठकीला बोलवा. त्या दुष्काळात पाणी नव्हतं. लंकेत पाणी होतं, पैसा नव्हता. दोन्हीतलं काय सारखं आणि काय वेगळं, ते त्यांच्याकडूनच ऐका.

बैठकीत जे निघेल ते आम्हाला कळवा, पुढच्या वेळी रेडिओवर वाचून दाखवू. आणि ज्या ताईंनी प्रश्न विचारला होता, त्यांना सांगते. ताई, देश बुडतो तो असा. आणि तो परत वर येतो, तेव्हा बराचसा भार तुमच्या-माझ्यासारख्या बायांच्याच डोक्यावर असतो. म्हणून तो बुडण्याआधीच प्रश्न विचारायचे असतात, जसा तुम्ही विचारलात.

येते मैत्रिणींनो. तव्यावरची भाकरी बघा. आणि आज सगळ्यांबरोबर जेवायला बसा.